शब्दांचा इतिहास आणि बोलींची नोंद : वऱ्हाडातून एक प्रस्तावना

महाविद्यालयांत भरणाऱ्या भाषाविषयक चर्चासत्रांची कार्यक्रमपत्रिका पाहिली, तर दोन विषय हटकून वेगवेगळ्या दालनांत बसवलेले दिसतात. एका दालनात इंग्रजी शब्दांचा इतिहास चालतो : लॅटिनमधून काय आले, 1066 नंतर नॉर्मन लोकांनी काय आणले, ऑक्सफर्डचा महाकोश कसा सिद्ध झाला. दुसऱ्या दालनात अल्पपरिचित भाषांच्या नोंदीबद्दल बोलणे होते : कोरकूची शब्दसूची, गोंडीची गाणी, एखाद्या भटक्या जमातीची बोली. पहिल्या दालनात इंग्रजीचे प्राध्यापक असतात, दुसऱ्यात मराठीचे, समाजशास्त्राचे आणि क्वचित मानववंशशास्त्राचे. चहाच्या वेळी माणसे एकत्र येतात, विषय मात्र आपापल्या दालनातच राहतात. हे पुस्तक या दोन विषयांना एकाच विषयाची दोन अंगे मानते. इंग्रजी शब्दांचा इतिहास लिहिता आला, कारण तो लिहिण्याआधी हजारो माणसांनी शब्दांच्या नोंदी केल्या होत्या. आणि बोलींच्या ज्या नोंदी आपण आज करतो आहोत त्यांना शब्देतिहासाची शिस्त लाभली नाही, तर त्या निव्वळ याद्या होऊन पडतील. चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी ही गोष्ट मुंबई-पुण्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसते, कारण इथून उत्तरेला सातपुड्यात कोरकू आहे, पूर्वेला महानुभावांचे रिद्धपूर आहे, आजूबाजूच्या वावरांत आणि बाजारात वऱ्हाडी आहे, आणि महाविद्यालयाच्या वर्गात इंग्रजी आहे.

याच परिसरातल्या एका फळापासून सुरुवात करू. चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी, वरूड हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहार आणि मृग बहार हे शब्द इथल्या शेतकऱ्याला पंचांगाइतके पाठ असतात. इंग्रजीच्या वर्गात ‘ऑरेंज’ या शब्दाची वंशावळ आवडीने सांगितली जाते : संस्कृत नारंग, फारसी नारंग, तिथून अरबी नारंज, तिथून स्पॅनिश आणि फ्रेंच. वाटेत सुरुवातीचा ‘न’ गळाला, आणि शब्द इंग्रजीत पोचला. नारंगच्याही मागे द्राविडी मूळ असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे इंग्रजीतला एक नित्याचा शब्द अखेर आपल्याच दारात येऊन उभा राहतो. पण वऱ्हाडातला माणूस नारंग म्हणत नाही, संत्रा म्हणतो. हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा या गावावरून आला, अशी एक व्युत्पत्ती फार दिवस चालत आली आहे, आणि ऐकायला ती अगदी पटते. फळे आणि झाडे पोर्तुगिजांनी आणल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा हेही त्यांतलेच असेल असे वाटते. अडचण एवढीच, की बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांचे वर्णन करताना संगतऱ्याचा उल्लेख केला आहे, आणि बाबर 1530 साली वारला. पोर्तुगिजांना किनाऱ्यावर पाऊल टाकून तेव्हा जेमतेम तीन दशके झाली होती. तेवढ्या अवधीत गोव्याकडून एक नाव उत्तरेत जाऊन तिथे इतके रुळले, की बाबराला ते देशी फळाचे नाव वाटावे, हे संभवत नाही. सिंत्राची गोष्ट एका तारखेने मोडली. व्युत्पत्ती म्हणजे दोन शब्दांमधले साम्य शोधणे, असा समज सर्वत्र आहे, अगदी पदव्युत्तर वर्गातही आहे. पण साम्य सर्वांना दिसते. लागतो तो पुरावा : शब्द कुठे, कधी, कोणाच्या तोंडी, कोणत्या अर्थाने आला याची नोंद. बाबराने फळांबद्दल लिहून ठेवले म्हणून संत्र्याबाबत आपण काही निश्चयाने बोलू शकतो. वऱ्हाडी बोलीतल्या हजारो शब्दांबाबत तसे काही म्हणता येत नाही, कारण त्यांच्यासाठी लिहून ठेवणारा कोणी नव्हता.

या विद्येचा इतिहास सांगताना सर विल्यम जोन्स यांच्यापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे, आणि ती बरोबरही आहे. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या सभेत त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच हरवलेल्या मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असा विचार मांडला. पुढे याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये जर्मानिक भाषांतील व्यंजनबदल नियमात बांधून दाखवले, आणि शब्दांच्या साम्याविषयीच्या अंदाजांना शास्त्राचे रूप येऊ लागले. पण इंग्रजीच्या बाबतीत खरा पालट झाला तो 1857 मध्ये. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर दोन निबंध वाचले. कोशकाराने शब्दांचा न्यायाधीश न होता इतिहासकार व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. त्या सभांमधून एक मोठे काम उभे राहिले : सामान्य वाचकांनी पुस्तके वाचायची, शब्द कोणत्या वाक्यात आला ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचे, वर्ष टाकायचे आणि पाठवायचे. या चिठ्ठ्यांवर जेम्स मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. ऑक्सफर्डच्या महाकोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि कोश 1928 मध्ये पूर्ण झाला. विद्वानांच्या सभेचे मोल तिच्यात वाचलेल्या निबंधांवर ठरत नाही, सभा उठल्यावर मागे काय जमा झाले यावर ठरते, असे माझे मत आहे, आणि त्याला याहून मोठा दाखला मला दिसत नाही.

योगायोग असा, की त्याच 1857 साली मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. पहिली 1831 ची. या कोशाला मराठीत आजही पर्याय नाही, आणि ज्या शास्त्री-पंडितांनी तो घडवायला हातभार लावला त्यांचे ऋणही कमी नाही. पण पहिल्या आवृत्तीचे शब्द गोळा होत होते तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. 1853 च्या तहाने ते कंपनीच्या कारभाराखाली आले, तोपर्यंत कोशाचा पाया घातला गेला होता. साहजिकच त्या पायात कोकण आणि देश यांची भाषा जास्त आहे. पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी धातू आणि नामे यांच्या व्युत्पत्तीचा अफाट उद्योग केला. फ्रेंच विद्वान झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर 1920 मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 1941 मध्ये मराठीत आणला. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश 1946 चा. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने 1932 ते 1938 या काळात प्रांतोप्रांतीचे शब्दही घेतले, त्यात वऱ्हाडीचेही आहेत. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999 मध्ये निघाला. ही परंपरा लहान नाही. तरीही तिचा ओढा लिखित ग्रंथांकडे राहिला, आणि बोलीतला शब्द ग्रंथात सापडला तरच त्याला इतिहास मिळाला.

इंग्रजांनी हा दोष ओळखला होता, आणि त्यावर उपाय करणारा माणूस विद्यापीठातून आला नव्हता. जोसेफ राइट यॉर्कशरमध्ये जन्मले, लहानपणीच सूतगिरणीत कामाला लागले, आणि जवळजवळ पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना वाचता येत नव्हते. पुढे ते ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी आपल्या विंडहिल या गावच्या बोलीचे व्याकरण 1892 मध्ये लिहिले आणि 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश सिद्ध केला. ज्या बोलीमुळे माणूस अडाणी ठरत होता, तीच बोली त्यांनी शास्त्राचा विषय केली. आपल्या भागात राइट यांची गोष्ट इंग्रजी साहित्याच्या इतिहासात एका ओळीतही सांगितली जात नाही. चॉसर आणि शेक्सपिअर यांच्याबरोबर ती सांगायला हवी, कारण तिच्यात वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याच्या उपयोगाचे फार काही आहे.

भारतात बोलींची पहिली मोठी नोंद ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाची. त्यातला मराठीचा खंड 1905 चा आणि मुंडा व द्राविड भाषांचा 1906 चा. वऱ्हाडी आणि नागपुरी यांचे नमुने पहिल्यात आहेत, कोरकू आणि निहाली दुसऱ्यात. सर्वेक्षणाची पद्धत सदोष होती. बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या दृष्टांताचे भाषांतर स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत मिळवायचे आणि त्यावरून बोलीचे रूप ठरवायचे, यात माणूस खरे कसे बोलतो ते पुष्कळदा निसटते. तरी या सर्वेक्षणाशिवाय शंभर वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडीशी आजच्या वऱ्हाडीची तुलना करायला आपल्याजवळ फारच थोडे उरले असते. त्याआधी 1903 मध्ये जॉन ड्रेक या मिशनऱ्याने कोरकूचे व्याकरण लिहिले होते. स्वातंत्र्यानंतर पुण्याचे डेक्कन कॉलेज या विद्येचे केंद्र झाले. 1950 च्या दशकातल्या तिथल्या उन्हाळी शाळांनी भाषाशास्त्रज्ञांची एक पिढी तयार केली, आणि पुढे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला काढली. त्या मालेतले खंड प्रामुख्याने किनारपट्टीकडचे आहेत. म्हणजे इथेही वऱ्हाडची पाळी मागेच राहिली.

एका परिषदेचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो. एप्रिल 1968 मध्ये जमैकातल्या मोना या ठिकाणी मिश्रभाषांवर एक परिषद भरली. तिचे निबंध 1971 मध्ये डेल हाइम्स यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आले. त्या पुस्तकात महाराष्ट्राबद्दलचे दोन निबंध आहेत. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या भाषा शतकानुशतके शेजारी राहून व्याकरणात किती जवळ आल्या ते दाखवले. शब्द वेगवेगळे राहिले, वाक्याचा साचा जवळजवळ एक झाला. फ्रँक्लिन साउथवर्थ यांनी तर मराठीच्या उगमातच अशा संकराचा अंश असावा, अशी शंका मांडली. ती सर्वमान्य झाली नाही, पण तिने विचारलेला प्रश्न टिकला. त्याआधी 1956 मध्ये मरे एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, वेगवेगळ्या कुळांच्या भाषा इथे एकमेकींसारख्या झाल्या आहेत, असे मांडले होते. त्यांनी कोलामीचे व्याकरणही लिहिले होते, 1955 मध्ये. या सगळ्यामुळे शब्देतिहासाची जुनी समजूत बदलली. एका आईपासून लेकी निघतात एवढेच भाषांच्या बाबतीत खरे नाही. शेजार हाही भाषेच्या इतिहासातला एक पालक असतो, आणि वऱ्हाडात हा शेजार आर्यकुळातल्या मराठी-हिंदीचा, द्राविड कुळातल्या गोंडी-कोलामीचा आणि ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या कोरकूचा असा तिहेरी आहे. इतक्या थोड्या अंतरात तीन भाषाकुळे जगात फार थोड्या ठिकाणी भेटतात.

नोंदीच्या विद्येला नवे वळण मिळाले ते 1992 नंतर. मायकेल क्रॉस यांनी त्या वर्षी एका शतकात जगातल्या बहुसंख्य भाषा नाहीशा होतील असा इशारा दिला, आणि त्याने भाषाशास्त्रज्ञांची झोप उडाली. 1998 मध्ये निकोलाउस हिमेलमान यांनी वर्णन आणि दस्तऐवज यांत फरक करायला सांगितले. व्याकरण लिहिणारा अभ्यासक आपल्या निष्कर्षांपुरता पुरावा ठेवतो. दस्तऐवजात मात्र लोक खरोखर जे बोलतात, गातात, भांडतात, व्यवहार करतात त्या सगळ्याचे ध्वनिमुद्रण, लिप्यंतर आणि अर्थ जपून ठेवायचे असतात, म्हणजे पुढच्या पिढीतला कोणी आज न सुचलेला प्रश्नही त्याला विचारू शकेल. भारतात गणेश देवी यांच्या पुढाकाराने 2010 मध्ये वडोदऱ्याला अनेक भाषांचे लोक एकत्र आले, आणि त्यातून भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण उभे राहिले. त्याने 780 भाषांची नोंद केली. हा आकडा जनगणनेच्या आकड्याशी ताडून पाहावा. 2011 च्या जनगणनेत 121 भाषा आहेत. 1971 पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे दिले जात नाहीत, आणि वऱ्हाडीसारख्या बोली मराठीतच मोजल्या जातात. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आहे. त्यात गावोगावी जाऊन माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले जाते आणि शब्द व व्याकरणरूपे नकाशावर मांडली जातात. आज या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी पाहावे असे हे काम आहे.

पण नोंदीची ही दृष्टी बाहेरूनच आली असे समजण्याचे कारण नाही. रिद्धपूर इथून लांब नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या कशा केल्या हे नीट पाहिले पाहिजे. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे ते गेले, प्रत्येकाकडून आठवण मिळवली, आणि नागदेवाचार्यांकडून ती पडताळून घेतली. परंपरेनुसार मूळ ग्रंथ धाडीत नष्ट झाल्यावर शिष्यांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. त्या पाठांपैकी एक हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. महानुभाव पोथ्यांत एखाद्याची आठवण वेगळी असेल तर तिची ‘वासना’ म्हणून वेगळी नोंद होते, आणि मागाहून मिळालेली माहिती ‘शोध’ म्हणून येते. कोण म्हणाले, कोणाचे स्मरण वेगळे पडले, नंतर काय कळले, हे तिन्ही वेगळे ठेवण्याची ही शिस्त आजच्या दस्तऐवजशास्त्राच्या कसोटीला उतरते. गोविंदप्रभूंच्या रिद्धपूरलीळाही अशाच जमल्या. ग्रंथ मराठीतच असावेत, हा नागदेवाचार्यांचा आग्रहही याच दृष्टीचा भाग होता : ज्यांच्यासाठी लिहायचे त्या साध्या बायामाणसांना ते कळले पाहिजे. महानुभाव पंथातल्याच भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ मराठीतले पहिले व्याकरण मानले जाते. आणि चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज, जे 1881 ते 1915 एवढेच जगले, त्यांनी आपल्या विपुल ग्रंथरचनेबरोबर ‘नावंग’ नावाची एक नवी भाषाच रचली. हे जरा विषयाबाहेरचे वाटेल. पण भाषेच्या घडणीकडे इतक्या बारकाईने पाहणारी माणसे या मातीत होऊन गेली, हे इथल्या विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यासाठीच्या युक्तिवादात प्राचीन मराठीचा पुरावा महत्त्वाचा होता, आणि रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्या विद्यापीठाच्या पहिल्या कामांत वऱ्हाडीची नोंद असावी, ही अपेक्षा गैर नाही.

आता वर्गात येऊ. इंग्रजीच्या वर्गात ग्रिमचा नियम शिकवला जातो : लॅटिनमधल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ कसा येतो, ‘पातेर’शी ‘फादर’ कसा जुळतो. त्याच वर्गात बसलेल्या मुलाच्या तोंडी ‘डोया’, ‘केय’, ‘शाया’ असतात, आणि त्याला ती अशुद्ध भाषा म्हणून सोडायला सांगितले जाते. वास्तविक ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे हा ग्रिमच्या नियमाच्याच जातीचा ध्वनिबदल आहे. तो लहरीप्रमाणे होत नाही, नियमाने होतो. तो कुठे होतो, कोणत्या गावापाशी थांबतो, खानदेशातल्या अहिराणीतही तो का आहे, हे प्रश्न भाषाशास्त्राचे खरे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे अजून पूर्ण मिळालेली नाहीत. ‘मले’, ‘तुले’ ही चतुर्थीची रूपे, ‘जाये’, ‘करे’ ही सवयीच्या भूतकाळाची रूपे यांचीही तीच गोष्ट. मुलाला ग्रिमचा नियम खरोखर समजावायचा असेल, तर त्याच्या आजीच्या बोलण्यातून समजावणे सर्वांत सोपे आहे. आणि आजीचे बोलणे नोंदवायचे असेल, तर ध्वनिनियम म्हणजे काय हे आधी ठाऊक असावे लागते, नाहीतर ‘डोया’ आणि ‘डोळा’ या दोन्ही रूपांतला फरक लिप्यंतर करताना नकळत पुसला जातो. दोन दालनांमधली भिंत पाडायची म्हणजे नेमके हेच करायचे.

कोरकूच्या बाबतीत गरज अधिक निकडीची आहे. 2011 मध्ये तिचे सुमारे 7 लाख 27 हजार भाषक होते, महाराष्ट्रात मुख्यतः मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, बाकी मध्य प्रदेशात. मुंडा भाषांतली ही सर्वांत पश्चिमेची. संस्कृतमध्ये होते आणि मराठीने टाकले ते द्विवचन कोरकूत आजही जिवंत आहे. संख्या मोठी आहे म्हणून भाषा सुरक्षित असते असे नाही. मुलांची शाळा मराठीत, बाजार हिंदी-मराठीत आणि नोकरीचे स्वप्न इंग्रजीत, अशा स्थितीत दोन पिढ्यांत भाषा घराच्या उंबरठ्याआत जाते. नॉर्मन झाइड आणि के. एस. नागराज यांनी कोरकूवर मोलाचे काम केले, पण त्यांचे ग्रंथ मेळघाटातल्या शिक्षकाच्या हाती पडत नाहीत. निहालीची गोष्ट आणखी वेगळी. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास दोन-अडीच हजार माणसे ती बोलतात. 1962 मध्ये कायपर यांनी तपासले तेव्हा तिचे पुष्कळ शब्द कोरकूतून आलेले दिसले, काही द्राविडी, काही आर्य. पण जवळजवळ चौथा हिस्सा असा उरला, की ज्याचे नाते जगातल्या कोणत्याही भाषेशी लागेना. ही टोळीची गुप्त बोली असेल का, अशीही शंका कायपर यांनी घेतली होती. पुढे आशा मुंडले, नागराज, शैलेंद्र मोहन यांनी तिच्यावर काम केले, आणि आज ती एकाकी भाषा म्हणून ओळखली जाते. आर्य, द्राविड आणि मुंडा हे तिन्ही येण्याआधी या डोंगरांत कोण बोलत होते, याची खूण कदाचित त्या चौथ्या हिश्शात असेल. व्युत्पत्तीच्या अभ्यासाला इतका अनमोल ठेवा वऱ्हाडात दुसरा नाही, आणि तो अगदी थोड्या, गरीब, मजुरी करणाऱ्या माणसांच्या जिभेवर आहे.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला असा, की बोलींना इतके महत्त्व दिल्याने मराठीचे तुकडे होतील. 1960 साली मोठ्या लढ्याने एकत्र आलेल्या राज्यात ही भीती समजण्यासारखी आहे. पण प्रमाण मराठी टिकली ती बोलींच्या शब्दांवर पोसली म्हणूनच, आणि दाते-कर्वे यांनी वऱ्हाडीचे शब्द कोशात घेतले तेव्हा मराठी दुबळी झाली नाही. बोलीची नोंद करणे म्हणजे तिला वेगळे राज्य मागणे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कोरकू मुलांना पोषण, दवाखाना आणि चांगली शाळा हवी, भाषाशास्त्रज्ञ कशाला? मेळघाटातले बालमृत्यू ज्यांनी पाहिले त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचे उत्तर असे, की दवाखान्यातली परिचारिका आणि कोरकू आई यांच्यामध्ये भाषा असतेच. पोट कसे दुखते, मूल कधीपासून दूध पीत नाही, हे तिला ज्या शब्दांत सांगता येते ते शब्द परिचारिकेला कळले पाहिजेत. पहिलीच्या वर्गातल्या मुलाला मराठी शिकवायची असेल, तर शिक्षकाला त्याची कोरकू थोडी तरी आली पाहिजे. या दोघांसाठी चांगली शब्दसूची आणि साधे व्याकरण हवे, आणि तेच दस्तऐवजीकरणातून मिळते. अभ्यासकाने ध्वनिफिती परदेशी संग्रहात ठेवल्या आणि गावाला काही दिले नाही, तर मात्र आक्षेप खरा ठरतो. म्हणून नोंदीची एक प्रत गावात राहिली पाहिजे, बोलणाऱ्याची संमती घेतली पाहिजे, आणि त्याला हवे असेल तर त्याचे नाव श्रेयात आले पाहिजे. तिसरा आक्षेप इंग्रजीबद्दल : पोटापाण्याची भाषा शिकायला आलेल्या मुलांना शब्दांच्या वंशावळी कशाला? मला वाटते, शब्दाचा इतिहास कळला की परक्या भाषेचा धाक कमी होतो. ऑरेंजच्या मागे नारंग दिसला, की इंग्रजी ही आकाशातून पडलेली भाषा वाटत नाही. तीही शेजाऱ्यांकडून उसनवारी करत वाढली हे समजते, आणि मग मुलगा तिच्याशी बरोबरीने वागू लागतो.

याच जाणिवेतून या पुस्तकातले लेख निवडले आहेत. त्यांत इंग्रजी कोशविद्येवरचे लेख आहेत, वऱ्हाडीच्या ध्वनिरचनेवरचे आहेत, कोरकू आणि निहाली यांच्यावरचे आहेत, आणि क्षेत्रकामाच्या पद्धतीवरचेही आहेत. लेखकांची मते एक नाहीत. वऱ्हाडीला बोली म्हणावे की भाषा, यावर दोन लेख उघडच एकमेकांविरुद्ध आहेत, आणि तो वाद संपादनात मिटवलेला नाही. कोरकू शब्द देवनागरीत दिले आहेत, कारण मेळघाटात वाचू शकणाऱ्याला तीच लिपी येते. पण जिथे देवनागरी अपुरी पडते तिथे कोणते चिन्ह वापरले आहे ते प्रत्येक लेखात स्पष्ट केले आहे. हे पुस्तक कोश नाही आणि व्याकरणही नाही. नवख्या वाचकाने या क्षेत्रात कुठून शिरावे आणि शिरल्यावर हातात वही कशी धरावी, एवढे दाखवण्याचा त्यात प्रयत्न आहे.

एक मोठे काम मात्र या पुस्तकात आलेले नाही, आणि ते पुढच्यांनी करावे अशी विनंती आहे. वऱ्हाडाची गेल्या दीडशे वर्षांची भाषा कापसाभोवती घडली. लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटिअर 1870 चे, कापूस आणि धान्य बाजारांचा वऱ्हाडातला कायदा 1897 चा. सरकी, रुई, गाठ, अडत्या, मापारी, हमाल यांच्या जोडीला याच काळात जीन आणि प्रेस हे शब्द आले. जिनिंगमधला ‘जिन’ हा इंग्रजी ‘एंजिन’चाच तुटका अवशेष, आणि त्याच्या मागे लॅटिनमधला बुद्धी-चातुर्य या अर्थाचा शब्द आहे. इंग्रजीतली ही वंशावळ कोशात मिळते. पण हा शब्द वऱ्हाडात कोणत्या वर्षी, कोणत्या बाजारात, कोणाच्या तोंडी पहिल्यांदा मराठी झाला, आधीच्या हातचरकीचे कोणते शब्द त्याने मागे सारले, हे कुठेही लिहिलेले नाही. ते बाजार समित्यांच्या जुन्या दप्तरांत, अडत दुकानांच्या वह्यांत आणि जुन्या जिनांत काम केलेल्या वृद्ध मजुरांच्या बोलण्यात आहे. दप्तरांना वाळवी लागते आहे आणि मजूर म्हातारे झाले आहेत. ज्याच्याजवळ वही आणि ध्वनिमुद्रणाचा फोन आहे, त्याने अचलपूर, अमरावती, अकोला, मूर्तिजापूर यांपैकी एक बाजार निवडावा, एक एक शब्द घेऊन तो कोणी, कुठे, कोणत्या वाक्यात वापरला ते तारखेसह लिहावे, आणि दोन माणसांचे म्हणणे जुळले नाही तर दोन्ही लिहावीत.